आलिशान एसयूव्ही निम्म्याहून कमी भावात. देखभाल मात्र मूळ किमतीच्या हिशेबाने

नवी दिल्ली : नवी असताना ८० लाख रुपये मोजून घेतलेली जर्मन बनावटीची एसयूव्ही सात-आठ वर्षांनी मध्यम श्रेणीतील नव्या देशी गाडीच्या भावात मिळू लागते, तेव्हा ग्राहकाला मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र या व्यवहारातील हिशेब बहुधा एकाच ठिकाणी चुकतो. वयाबरोबर गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. एअर सस्पेन्शन, स्वयंचलित गिअरबॉक्स, २० इंची चाकांचे टायर किंवा एलईडी हेडलॅम्पचा संपूर्ण संच बदलण्याची वेळ येते, तेव्हा देयक २० लाखांच्या नव्हे, तर ८० लाखांच्या गाडीचे असते.

या वाहनांचे आकर्षण केवळ बोनेटवरील चिन्हापुरते मर्यादित नाही. सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची संथ ताकद, दणकट बांधणी आणि लांबच्या प्रवासातील शांतता हे गुण दहा वर्षांनंतरही बऱ्याच अंशी टिकून राहतात. जून २०२५ मध्ये पूर्णतः खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर अशा गाडीतून दिवसभर प्रवास केलेल्या ज्येष्ठांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शिवाय पहिल्या काही वर्षांतील मूल्यघटीचा सर्वांत मोठा फटका आधीच्या मालकाने सोसलेला असतो.

तरीही काही गाड्या कमालीच्या स्वस्त का मिळतात, याचे उत्तर यंत्रशाळेपेक्षा न्यायालयांत आणि सरकारी अधिसूचनांत अधिक सापडते. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा वाहनांना इंधन नाकारण्याची मोहीम सुरू झाली आणि जनक्षोभामुळे काही दिवसांतच थांबवावी लागली. तेवढ्या काळात ८४ लाखांची गाडी अवघ्या अडीच लाखांत विकावी लागल्याची एका मालकाची कैफियत देशभर चर्चेत होती. पुढे १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली, तर डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले.

म्हणजे २०१९ची बीएस-४ डिझेल एसयूव्ही सुरक्षित मानायची का? कायद्याने होय, व्यवहारात पूर्णपणे नाही. राजधानीची हवा ‘गंभीर’ श्रेणीत गेली की टप्पेनिहाय कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागू होतो आणि दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद व गौतम बुद्ध नगरमध्ये बीएस-४ डिझेल मोटारी रस्त्यावर आणता येत नाहीत. बीएस-६ मानक देशभर १ एप्रिल २०२० पासून आले. त्यामुळे जेमतेम सहा वर्षांची गाडीही ऐन हिवाळ्यात दारात उभी राहू शकते. राजधानी क्षेत्रातील अशा गाड्या इतर राज्यांत विक्रीस येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. मुंबई, इंदूर किंवा हैदराबादच्या ग्राहकाला या निर्बंधाची थेट झळ नाही. पुनर्विक्रीच्या वेळी मात्र राजधानीची मोठी बाजारपेठ त्याच्यासाठी जवळपास बंद असेल.

नव्या गाड्यांच्या दरांनीही जुन्यांचे गणित बिघडवले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरील वस्तू व सेवा कराचा एकूण भार उपकरासह ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. त्याआधी २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात करण्याचा निर्णय जाहीर होताच नव्या गाडीची किंमत लाखो रुपयांनी घटली. ग्राहकांच्या दृष्टीने ही सुवार्ता होती. आदल्या वर्षी जुनी रेंज रोव्हर घेतलेल्यांच्या दृष्टीने नव्हे. जुन्या गाड्यांवरील १८ टक्के कराबाबतही बराच गैरसमज आहे. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. ३० लाखांना घेतलेली गाडी ३३ लाखांना विकल्यास तो ५४ हजार रुपये होतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस केलेल्या खासगी विक्रीवर तो मुळीच नाही.

परराज्यातील गाडी घेताना ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज असल्यास बँकेचा बोजा उतरविल्याची नोंद आणि नव्या राज्याचा मोटार वाहन कर या तिन्हींचा खर्च व वेळ आधीच धरावा लागतो. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनास तेथील नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्यानुसार बंधनकारक आहे. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. नोंदवहीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमा खरेदीदाराच्या नावावर झालेला नसेल, तर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. घसारा न कापता भरपाई देणारे ‘झिरो डेप’ संरक्षण साधारणतः पहिल्या पाच वर्षांनंतर मिळणे कठीण होते. नेमके तेव्हाच या गाड्या दुसऱ्या मालकाकडे येतात.

यांत्रिक बाजूने डिझेल गाडीचा वापर कुठे होणार, हा प्रश्न निर्णायक ठरतो. बीएस-६ इंजिनातील काजळी रोखणारी गाळणी स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग धावणे आवश्यक असते. रोज चार किलोमीटरवरील कार्यालयात जाणाऱ्याकडे ती तुंबते आणि बदलण्याचा खर्च मोठा येतो. अशा ग्राहकास पेट्रोल गाडी बरी, इंधन जास्त प्यायली तरीही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा धोका याहून गंभीर आहे. विमा कंपनीने पूर्ण नुकसान मानून लिलावात काढलेली गाडी दुरुस्त होऊन दूरच्या शहरात चकचकीत रूपात उभी राहू शकते. डझनावारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांत शिरलेला ओलावा त्रास देतो तो काही महिन्यांनी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास दिसणारी चिखलाची रेषा आणि आसनाखालील रुळांवरचा गंज ही खूण रंगकामाने सहसा झाकली जात नाही. अधिकृत सेवा केंद्राकडील नोंदी चासी क्रमांकावरून तपासता येतात आणि मालकाची संमती असल्यास त्यांची प्रतही मिळू शकते. त्यातील अखेरची दोन वर्षे कोरी असतील, तर त्या काळात गाडी कुठे होती आणि कोणी दुरुस्त केली, हा प्रश्न अनामत रक्कम देण्यापूर्वीच विचारावा लागतो.