सफरचंदाचं लोणी

मैत्रिणींनो, सफरचंदाच्या लोण्याची कृती द्या म्हणून बऱ्याच जणींनी पत्रांतून विचारलं आहे. कृती देतेच, पण आधी एक कबुली द्यायला हवी. मागच्या पावसाळ्यात याच लोण्यापायी मी आमच्या सासूबाईंना पुन्हा अंथरुणाला खिळवणार होते.

झालं असं, की श्रावणात आई तापाने महिनाभर निजून होत्या. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. पेज नको, वरणभात नको. एक दिवस आपण होऊन म्हणाल्या, "तिकडे सफरचंदाचं ते काळपट काहीतरी मिळायचं बघ, ते असतं तर दोन घास गेले असते." तिकडे म्हणजे पेनसिल्व्हेनियात. वन्संच्या बाळंतपणाला आई सहा महिने लँकेस्टरच्या बाजूला राहून आल्या आहेत. तिथे हा पदार्थ घरोघरी असतो. नाव ॲपल बटर, पण त्यात लोण्याचा कणही नाही. लोण्यासारखं पावाला फासता येतं, म्हणून ते नाव.

त्या भागात जर्मनीहून गेलेल्या शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. शरदात सफरचंदं निघाली, की आदल्या रात्री शेजारीपाजारी जमून साली काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी अंगणात मोठ्या तांब्याच्या हंड्यात सफरचंदाच्या रसाबरोबर फोडी आटवायच्या, अशी त्यांची पद्धत. लांब दांड्याच्या लाकडी ढवळण्याने पाळीपाळीने दिवसभर ढवळायचं. हात थांबला की तळाला लागलंच! आपल्याकडे आमरस आटवताना जे होतं तेच.

गंमत म्हणजे आपण बाजारातून आणतो ती लाल डेलिशियस सफरचंदं हिमाचलात लावणारे सॅम्युअल स्टोक्स हे मूळचे पेनसिल्व्हेनियातल्याच फिलाडेल्फियाचे. १९०४ साली ते हिंदुस्थानात आले आणि १९१६ च्या सुमारास त्यांनी कोटगढला अमेरिकेहून ही रोपं आणवली. पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले. हे आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग चव जमायला काय हरकत आहे?"

दिवसभर ढवळायला मला कुठला वेळ? सकाळी अर्धा दिवस शाळा, दुपारी वह्या. वन्सं फोनवर म्हणाल्या, "अगं, स्लो कुकर घे. रात्री लाव आणि झोप. मी इथून पाठवते हवं तर." मी नको म्हटलं. तिकडची उपकरणं १२० व्होल्टची, आपली वीज २३० व्होल्टची. आमच्या शेजारणीने तिकडचा मिक्सर सरळ आपल्या प्लगला लावला आणि मिनिटात जाळला. इथलाच एक घेतला. माझ्यावर २१० वॅट लिहिलं आहे, म्हणजे दहा तासांना दोन युनिटं.

हे भांडं म्हणजे आपल्या चुलीचा वैलच म्हणा ना! जाड चिनी मातीचं भांडं आणि त्याच्या भोवती विजेची मंद धग. १९४० साली आयर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट मिळालं. लिथुआनियातली त्यांची आजी शुक्रवारी संध्याकाळी भांडं बेकरीच्या भट्टीत रात्रभर ठेवायची, कारण ज्यू लोक शनिवारी विस्तव पेटवत नाहीत. त्यावरून त्यांना हे सुचलं. १९७१ पासून ते क्रॉकपॉट या नावाने अमेरिकेत घरोघरी पोचलं.

आता कृती. पाच लिटरच्या भांड्याला अडीच किलो सफरचंदं घ्या. साली, बिया काढून दोन किलोच्या आसपास फोडी होतात. मऊ पडलेली, सुरकुतलेली चालतील, पण सडलेली नकोत. सडका भाग कापून उरलेलं घालण्याचा मोह टाळा. पाव किलो साखर, मोठ्या लिंबाचा रस, बोटभर दालचिनीची पूड, चार लवंगा कुटून, किंचित जायफळ, चिमूटभर मीठ. आपली डेलिशियस नुसतीच गोड, तिला आंबटपणा बेताचा, म्हणून लिंबू वगळू नका. पाणी अजिबात घालायचं नाही. फळातच शंभरात पंचाऐंशी भाग पाणी असतं.

झाकण लावून मंद आचेवर रात्रभर, दहा तास. सकाळी फोडींचा लगदा झालेला असतो. तो रवीने घोटा किंवा निवल्यावर मिक्सरमधून काढा आणि परत भांड्यात घाला. इथेच मी पहिल्यांदा फसले. झाकण तसंच ठेवलं आणि दिवसभर वाट पाहिली, तरी आपली पातळ खीरच! झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन परत आतच पडत होती. तेव्हा दुसऱ्या खेपेला आच वाढवा आणि झाकणाखाली एक लाकडी चमचा आडवा ठेवा, म्हणजे वाफेला वाट मिळेल. दोन-तीन तास लागतात. मधून मधून ढवळा, पण पोरांना लांब ठेवा. दाट झालं की बुडबुडे फुटून चटका देतात. थंड बशीत चमचाभर टाकून पाहा. कडेने पाणी सुटलं नाही की झालं. सव्वा किलोच्या आसपास होतं, रंग विटकरी-तपकिरी. भांडं नसेल, तर जाड बुडाच्या कढईत, खाली तवा ठेवून करता येतं. मग मात्र हात मोडेपर्यंत ढवळायचं.

पोळीला लावून दिलं, तर आईंनी दीड पोळी खाल्ली. महिन्यात पहिल्यांदा! मी इतकी हरखले, की उरलेलं दोन बरण्यांत भरून मुरंब्याशेजारी फडताळात ठेवून दिलं. आठव्या दिवशी झाकण उघडलं, तर वर पांढरी-हिरवी बुरशी. शाळेला उशीर होत होता. चमच्याने वरचा थर काढला आणि खालचं वाटीत घेऊन आईंच्या ताटात ठेवणार, एवढ्यात त्यांनी विचारलं, "कडेला हिरवं कसलं गं?" आणि मग, "साखर किती घातली होतीस?" सांगितली. "मुरंब्याला फळाएवढी साखर, म्हणून तो टिकतो. हे कसं टिकेल?" आवाज चढवला नाही त्यांनी, पण मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तापातून नुकत्या उठलेल्या माणसाला मी ते खायला घालत होते!

दोन्ही बरण्या फेकल्या. नंतर वाचलं, की सफरचंदावर वाढणारी काही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते शिजवूनही पुरतं जात नाही आणि बुरशीचे तंतू डोळ्याला दिसतात त्याच्या खोलवर गेलेले असतात. सडक्या फळांबद्दल वर लिहिलं ते यासाठीच.

तिकडे हे वर्षभर टिकवतात ते खास झाकणांच्या बरण्यांत गरम गरम भरून, उकळत्या पाण्यात बुडवून. लहान बरणीला समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंत ५ मिनिटं, त्याहून उंच गावी ६००० फुटांपर्यंत १० मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी उष्णतेलाच उकळतं. मुंबईकरणीला पाच पुरतील, पुणे-नाशिककरणीला दहा लागतील. आपल्या लोणच्याच्या बरणीचं साधं झाकण मात्र हवाबंद बसत नाही, तिला पाण्यात उकळून काही उपयोग नाही.

म्हणून मी आता फ्रिजच वापरते. लहान बाटल्या उकळून, उन्हात कडकडीत वाळवून घेते, कोरड्या चमच्याने काढते आणि दोन आठवड्यांत संपवते. उरलेलं फ्रीझरमध्ये डब्यांतून. डबी काठोकाठ भरू नका, बोटभर जागा ठेवा, गोठताना ते फुगतं. एक डबी वन्संच्या नावाने ठेवली आहे. त्या डिसेंबरात यायच्या आहेत आणि आईंनी आत्ताच सांगून ठेवलंय, की तिच्यापेक्षा यात लवंग जास्त आहे, पण मला अशीच आवडते.