पिल्लाची सेमिस्टर

कॉन्व्हेंटवाला मराठीत का लिहितोय, असं विचारू नका. विषय मेसच्या मागचा आहे, आणि तिथे सगळे मराठीतच बोलतात. कुत्रीसुद्धा!

तर मित्रांनो, मेसच्या मागे दरवर्षी पिल्लं होतात. आपण त्यांना नावं ठेवतो, फोटो काढतो, पोळी टाकतो. मग सुट्टी लागली की बॅगा उचलून घरी. माझं स्पष्ट मत आहे की याला प्रेम म्हणत नाहीत, याला टाइमपास म्हणतात. खरंच जीव असेल तर पिल्लाला शिकवा आणि घर शोधून द्या.

घर का? कारण 7 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस स्टँड अशा ठिकाणची भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवा, परत तिथेच सोडू नका, असा आदेश दिला. तो पटो न पटो, पिल्लाला घर मिळालं तर शेल्टरचा प्रश्नच येत नाही.

पण घर कसल्या पिल्लाला मिळतं? स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर अनेक वर्षं काम करून 1965 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्यासारख्यांच्या कामातून कळलं ते असं: साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. जे बघितलंच नाही, त्याची पुढे भीती वाटते, आणि घाबरलेलं कुत्रंच बहुतेक वेळा चावतं. म्हणजे जेमतेम एक सेमिस्टर, आणि इथे एटीकेटी नाही! नंतर शिकता येतं, पण फार कष्टाने.

आता आपल्या बॉइज हॉस्टेलचं पिल्लू बघा. त्याला बुलेटचा आवाज पाठ, रात्री दोनचा गोंधळ पाठ. पण लहान मूल? साडीतली आजी? कुकरची शिट्टी? त्याने हे बघितलेलंच नसतं. उद्या कोणी घरी नेलं, ते आजीवर भुंकलं, की चौथ्या दिवशी परत रस्त्यावर.

म्हणून क्वार्टर्समधल्या सरांना आणि मॅडमना विनंती, संध्याकाळी मुलांना घेऊन दहा मिनिटं या. मेसच्या मावशींनीही त्याला दोनदा हाक मारावी. बळजबरी मात्र नको. लांबून दाखवायचं, शांत राहिलं की खाऊ, घाबरलं की आपण मागे.

दुसरी गोष्ट ट्रेनिंगची. पिल्लू अंगावर उडी मारतं. एक जण ओरडतो, दुसरा हसून बिस्कीट देतो. कंट्रोल सिस्टिम्स शिकणाऱ्यांना सांगायला नको, असा फीडबॅक दिला तर काय होणार! उलट, कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाची सवय जास्त चिवट असते, हे स्किनरने दाखवून दिलंय. आपण दर दोन मिनिटांनी मोबाईल बघतो ते याचमुळे. म्हणून अख्ख्या विंगने एकच नियम पाळायचा: चार पाय जमिनीवर असतील तरच खाऊ, तोही लगेच. मारायचं अजिबात नाही. मारून ते फक्त हाताला घाबरायला शिकतं.

बाकी व्यवहाराचं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. चॉकलेट आणि कांदा देऊ नका, दोन्ही त्यांना विषारी. लसी डॉक्टर सांगतील तशा, रेबीजची साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. खेळताना दात लागला तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. हिरोगिरी नको. आणि आईची नसबंदी झाली नाही, तर पुढच्या वर्षी हाच लेख परत छापावा लागेल.

खर्च किती? विंगमधल्या प्रत्येकाने एका चहाचे पैसे काढले तरी सुरुवात होते. वेळ किती? रोज दहा मिनिटं. सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा कॅन्टीनमध्ये आपण त्याहून जास्त बसतो.