पेटी टिकते, दांडी भरकटते

ज्या घरात शाळकरी मुले आहेत, त्या घरात वर्षातून एकदा तरी हा खटला उभा राहतो. परीक्षेचा निकाल लागलेला असतो, वडिलांना त्यांनी दिलेल्या वचनाची आठवण करून दिली जाते, आणि दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाचे यंत्र कोणते घ्यावे याविषयी तट पडतात. एक तट सोनीच्या प्लेस्टेशनचा, दुसरा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा. एखादी पुतणी निंटेंडोची वकिली करीत असते. चित्रे कोणाची अधिक रेखीव आणि खेळ कोणाकडे अधिक, यांवर घटकाभर रण माजते. परंतु तिसऱ्या वर्षी यांपैकी कोणते यंत्र धडपणे चालू असेल, हे विचारावयाचे कोणालाच सुचत नाही. पैसे ज्यांच्या खिशातून जाणार, त्यांनी तरी ते विचारावयास हवे. म्हणून या महिन्यात आम्ही तोच प्रश्न हाती घेतला आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. खेळयंत्र मुख्यत्वे दोन ठिकाणी बिघडते. एक पेटीत, जेथे उष्णता साठते. आणि दुसरे कंट्रोलरमध्ये, जेथे हाताने झीज होते. पेटीच्या बाबतीत कंपन्या-कंपन्यांत एकेकाळी जमीन-अस्मानाचे अंतर होते. हातातल्या कंट्रोलरच्या बाबतीत मात्र हे तिन्ही प्रतिस्पर्धी एकाच माळेचे मणी आहेत. तेव्हा नाव पाहून यंत्र घेण्याहून कंट्रोलर पाहून घेणे अधिक शहाणपणाचे.

प्रथम पेटीविषयी. निंटेंडोने १९८५ मध्ये अमेरिकेत जे यंत्र आणले, त्यात खेळाची कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबावी लागे. आतील ७२ पिनांची जोडणी वापराने सैल पडे आणि पडद्यावर नुसती उघडझाप दिसू लागे. मुले कॅसेट काढून तीत फुंकर मारीत व पुन्हा बसवीत. आपल्याकडे १९९० च्या दशकात ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जी यंत्रे घरोघर आली, ती बहुधा निंटेंडोच्याच १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. ही फुंकर त्यांच्यासमवेत आपल्याही घरांत आली. वस्तुतः गुण फुंकरीचा नव्हता. कॅसेट पुन्हा बसविल्याने पिना नव्याने टेकत, एवढेच; उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या गंजण्याचाच संभव अधिक. निंटेंडोने १९९३ मध्ये कॅसेट वरून बसविण्याची नवी रचना आणली आणि हा दोष निघाला.

सोनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ चे. त्याच्या आरंभीच्या यंत्रांत तबकडी वाचणारा लेसरचा भाग वीजपुरवठ्याच्या शेजारी बसविलेला होता. ज्या प्लॅस्टिकवरून तो सरके ते उष्णतेने आणि घर्षणाने झिजे, आणि मग खेळ अडखळू लागे. तेव्हा लोक पेटी चक्क उलटी ठेवून खेळत. पुढील यंत्रांत सोनीने तो भाग वीजपुरवठ्यापासून दूर नेला.

परंतु या इतिहासातील सर्वांत महाग धडा मायक्रोसॉफ्टला मिळाला. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेले एक्सबॉक्स ३६० पुढील काळात हजारो घरांत एकाएकी मुके होऊ लागले. दर्शनी बटणाभोवती तीन लाल दिवे लागत आणि पेटी बंद पडे. अमेरिकेत कोणी ती टॉवेलांत गुंडाळून तापवीत. मग ती दोन दिवस चाले आणि पुन्हा मान टाकी. कारण असे की, यंत्र चालू केले की आतील मुख्य चिप तापते आणि बंद केले की निवते. चिपच्या आवरणातील निरनिराळे पदार्थ कमीअधिक प्रसरण पावतात, आणि हा ताण पुनःपुन्हा सोसून त्यांना जोडणाऱ्या डाखाच्या सूक्ष्म ठिपक्यांना तडा जातो. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूस काढली.

स्क्वेअरट्रेड या अमेरिकेतील हमी विकणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये आपल्याकडील सुमारे १६,००० यंत्रांचा हिशेब प्रसिद्ध केला. दोन वर्षांच्या आत बिघडलेल्यांचे प्रमाण एक्सबॉक्स ३६० चे २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ चे १० टक्के आणि निंटेंडोच्या वी यंत्राचे अवघे २.७ टक्के भरले. आमचे काही स्नेही हे आकडे आजही तोंडपाठ म्हणून दाखवितात आणि त्यावरून एक्सबॉक्स घेऊ नये असा निष्कर्ष काढतात. तो बरोबर नाही. ते आकडे त्या पिढीच्या यंत्रांचे होते. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच यंत्राची अंतर्रचना बदलली, आणि पुढल्या पिढ्यांत कोणाच्याही पेटीवर तेवढे मोठे संकट कोसळले नाही. शिवाय वी कमी बिघडले ते निंटेंडोच्या पुण्याईने नव्हे. त्याची शक्ती बेताची होती, म्हणून ते तापतही बेताचे. मंद आचेवरचे भांडे उतू जात नाही, तशातला हा प्रकार.

आता हाताकडे वळू. अंगठ्याखालची अधिकचिन्हाच्या आकाराची कळ निंटेंडोच्या गुन्पेई योकोई यांनी १९८२ मध्ये एका हातातल्या खेळासाठी योजली. तिच्यात घासणारा भाग नाममात्र, म्हणून ती वर्षानुवर्षे टिके. खरे दुखणे आले ते अंगठ्याने सर्व दिशांना झुकविता येणाऱ्या दांडीबरोबर. निंटेंडो ६४ या १९९६ च्या यंत्राची दांडी प्लॅस्टिकच्या वाटीत फिरे आणि घासून तिची पांढरी भुकटी पडे. काही महिन्यांत दांडी लुळी होई. सोनीने १९९७ च्या ड्युअलशॉकमध्ये दोन दांड्या दिल्या आणि तीच घडण पुढे सर्वत्र रूढ झाली.

या दांडीच्या बुडाशी काय असते, हे जुन्या रेडिओच्या मालकांस समजावून सांगण्याची गरज नाही. रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याचे बटण काही वर्षांनी फिरविताना खरखर करू लागे. त्या बटणामागे कार्बनचा एक पट्टा आणि त्यावरून घासत जाणारी धातूची पट्टी असे. तोच भाग, पोटेंशिओमीटर म्हणतात तो, दांडीच्या दोन बाजूंस बसविलेला असतो. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. पट्टा झिजला वा त्यात धूळ शिरली की खरखरीच्या जागी दुसरेच काही घडते: अंगठा उचलला तरी पडद्यावरचा माणूस आपण होऊन चालू लागतो. यालाच ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. आम्ही त्यास दांडी भरकटणे म्हणतो.

आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक अमेरिकन संस्थेने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर उघडून पाहिला. त्यातील पोटेंशिओमीटरचे आयुष्य उत्पादकाने २०,००,००० हेलकाव्यांचे सांगितलेले होते. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु एका धावपळीच्या युद्धखेळात अंगठा किती वेळा हलतो हे मोजून त्यांनी अंदाज बांधला की, ही मर्यादा ४१७ तासांत गाठली जाईल. रोज दोन तास धरल्यास हे सात महिने होतात. विशेष म्हणजे एक्सबॉक्सच्या आणि निंटेंडोच्या प्रो कंट्रोलरमध्येही जवळजवळ तशीच दांडी असल्याचे त्यांना आढळले. घराघरांतील तट ज्या कंट्रोलरसाठी भांडतात, त्यांचे काळीज असे एकाच जातीचे आहे!

यावर उपाय नाही असे नाही. चुंबक दांडीला बसवावा, आणि त्याच्या क्षेत्रातील बदल स्पर्शावाचून मोजावा. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम येथे उपयोगी पडतो. घर्षण नाही, म्हणून तेथे झीजही नाही. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये हे करून दाखविले होते. परंतु २००१ मध्ये ते यंत्रच बंद पडले. टिकाऊ दांडी गेली आणि झिजणारी राहिली. निंटेंडोने जून २०२५ मध्ये आणलेल्या स्विच २ मध्येही दांडी पोटेंशिओमीटरचीच आहे.

दोष सर्वांचाच असेल, तर परीक्षा होते ती त्याची जबाबदारी घेण्याची. मार्च २०१७ च्या निंटेंडो स्विचच्या जॉय-कॉन दांड्या इतक्या भरकटल्या की २०१९ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी ग्राहकांची क्षमा मागितली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० तक्रारी गोळा करून मांडल्या, आणि २०२३ मध्ये तेथील ग्राहकांस हमीची मुदत संपल्यावरही अशी दुरुस्ती विनामूल्य मिळू लागली. तक्रार लिहून ठेवण्याचे आणि एकत्र येऊन मांडण्याचे हे फळ होय. आपल्या वाचकांनी मात्र ध्यानी घ्यावे की, हे पहिले स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीस आलेच नव्हते. आयातदाराकडून घेतलेल्या यंत्राची हमी कोण पाळणार, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

मग घ्यावे कोणते? मुलाच्या हाताला जे बसेल ते. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये काढलेला पहिला कंट्रोलर एवढा अवजड होता की जपानसाठी लहान कंट्रोलर करावा लागला आणि पुढे तोच सर्वत्र चालला. तेव्हा दुकानात मुलाच्या हाती कंट्रोलर देऊन पाहावा. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात. खर्च चालू राहतो, परंतु सेल संपले तर बदलता येतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमधील बॅटरी आतच बसविलेली असते. सोय अधिक, परंतु ती थकली की कंट्रोलर उघडावा लागतो. सोनीने जानेवारी २०२३ मध्ये दांडी सुटी काढून बदलता येईल असा एक कंट्रोलर आणला; तो साध्याहून बराच महाग आहे. खरेदीच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या एका नव्या कंट्रोलरची किंमत आधीच धरावी, म्हणजे पुढे घरात वाद होत नाहीत.

पेटीचीही थोडी काळजी घ्यावी. प्लेस्टेशन ५ वापरावयाचे तापमान सोनीने ५ ते ३५ अंश सेल्सिअस सांगितले आहे. आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत बंद कपाटात पेटी कोंबून, वर विणलेला रुमाल घालून, दुपारी तीन तास खेळणे म्हणजे यंत्राला भट्टीत घालणे होय. रुमाल काढावा, मागे हात जाईल एवढी जागा सोडावी आणि जाळीवरची धूळ नियमाने पुसावी.

शेवटी एक घरगुती गोष्ट. दोन कंट्रोलर असले की नवा थोरल्याकडे जातो आणि जुना धाकट्याच्या वाट्यास येतो. धाकटा हरतो आणि रडकुंडीस येऊन म्हणतो, “मी काहीच केलं नाही, तो आपोआप डावीकडे गेला!” सारे हसतात, खेळता येईना म्हणून दोष यंत्राला, असे त्याला ऐकावे लागते. येथून पुढे हसण्यापूर्वी कंट्रोलर पाटावर ठेवावा आणि कोणीही हात न लावता पडद्याकडे पाहावे. माणूस चालू लागला, तर मूल खरे बोलत आहे. खेळाच्या मांडणीत दांडीच्या मध्यावरची निष्क्रिय जागा थोडी वाढविता येत असेल तर तात्पुरते निभते. नाहीतर दांडी बदलावी, आणि तोवर दोघा भावंडांनी कंट्रोलर पाळीपाळीने घ्यावेत. पंचवीस हजार ग्राहकांनी हेच म्हटले तेव्हा ते मानले गेले. घरातल्या एकट्याचे म्हणणे तपासून पाहण्यास मिनिटभर पुरते.