तीनशे शब्दांचा निबंध

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. अटींपैकी एक होती अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध! महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्त होता. परंतु ‘असल्या पोरांना मोठ्यांच्या तुरुंगात डांबा’ ही त्यातून उठलेली मागणी रास्त नव्हे. खेद याचा, की रविवारच्या मिस्सेनंतर अंधेरी-बोरिवलीच्या चर्चच्या आवारातही हीच भाषा कानी पडते.

सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट २०१५ च्या कायद्याने उघडलीच आहे. पुण्याच्या त्या मुलाबाबत मंडळाने जुलै २०२५ मध्ये ती नाकारली. मग त्या वाटेने जाणार कोण? ज्याच्या बापाला चांगला वकील परवडत नाही, तो आपल्या शेजारच्या वस्तीतला मुलगा!

निबंधाचा दोष सौम्यपणा हा नव्हता. त्यात कोणाच्या डोळ्यांना डोळे भिडवावे लागत नव्हते, हा होता. युरोपातील काही देशांनी येथेच वेगळा विचार केला. स्कॉटलंडमध्ये १९७१ पासून बहुतेक मुलांची प्रकरणे न्यायालयाऐवजी समाजातील तीन प्रशिक्षित स्वयंसेवकांपुढे येतात. मूल आणि पालक त्यांच्यासमवेत बसतात. इटलीत १९८८ च्या कायद्यानुसार न्यायाधीश खटला स्थगित करून मुलाला देखरेखीखाली कसोटीस लावू शकतो. झालेली हानी भरून काढणे आणि पीडिताशी समेट यांचाही त्यात समावेश करता येतो. जर्मनीत वीस वर्षांच्या तरुणालाही, मन अद्याप अपरिपक्व असल्यास, बालकायदा लावता येतो. याला लाड म्हणावे काय? तुरुंगात नुसते दिवस मोजण्यापेक्षा हे कठीण आहे.

समुपदेशन, समाजसेवा, योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली मुक्तता या तरतुदी आपल्याही कायद्यात आहेत. वाण आहे ती माणसांची. आमच्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, तरुणांचे संघ आहेत. निरीक्षणगृहातून सुटलेल्या एका मुलाची वर्षभर जबाबदारी घेण्यास त्यांतील किती जण पुढे येतील?

प्रभू येशू जक्कयच्या घरी गेला, तेव्हा लोकांनी कुरकुर केली. जक्कयने मात्र फसवणुकीच्या चौपट परत करण्याचा शब्द दिला. क्षमा आणि भरपाई एकाच छताखाली आली. आपण त्या घरात आहोत, की बाहेर कुरकुरणाऱ्या गर्दीत?