उसना कोट

मित्रांनो, 'टायटॅनिक' न बघितलेला प्राणी आपल्या होस्टेलमध्ये सापडणं कठीण! पिक्चर १९९७ चा, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधीचा, पण दर सेमिस्टरला कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपवर ते जहाज बुडतंच. त्यात फर्स्ट क्लासच्या जेवणाचं आमंत्रण आल्यावर जॅकची पंचाईत होते. घालायचं काय? मग मॉली ब्राउन आपल्या मुलाचा सूट त्याला देते, आणि आपला हीरो असा काही साहेब दिसायला लागतो की रोजचे लोक त्याला ओळखतही नाहीत. आपण टाळ्या वाजवतो. तो कोट उसना होता, हे माझ्या डोक्यात मात्र फार उशिरा शिरलं. आणि शिरलं तेव्हा बिल आमच्या आप्पांनी भरलं होतं.

सांगतो. आप्पा म्हणजे माझे आजोबा. कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. रोजचा वेष पांढरा लेंगा-सदरा. पण लग्नकार्य असो, पंधरा ऑगस्ट असो, की इन्स्पेक्शन, धोतर, बंद गळ्याचा काळा कोट आणि पांढरी टोपी. कोटाच्या बटणांना त्या दिवशी खोबरेल तेलाचं बोट लागायचं!

माझी आत्या इंग्लंडमध्ये असते. २०२३ च्या उन्हाळ्यात तिने आजी-आप्पांना तिकडे बोलावलं आणि साउदॅम्प्टनहून नॉर्वेला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. सात रात्रींची सफर. (जॅकचं जहाजही १९१२ साली याच बंदरातून सुटलं होतं, पण हे आम्ही आजीला सांगितलं नाही.) या सात रात्रींपैकी दोन 'फॉर्मल नाइट'. त्या संध्याकाळी मोठ्या डायनिंग हॉलमध्ये जायचं तर पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट, बायकांना गाऊन वगैरे.

मी नुकताच सीईटी देऊन घरी लोळत होतो. घरात कॉन्व्हेंटमधला मी एकटाच, त्यामुळे इंग्लिशचं काहीही आलं की माझ्याकडे. आत्याने कंपनीचं पत्रक पाठवलं आणि मी ते आप्पांना वाचून दाखवलं. सूट वाचला. टाय वाचला. काळे बूट वाचले. आजीची पैठणी चालेल, असंही सांगितलं. पण त्याच परिच्छेदात शेवटी एक ओळ होती. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालेल, अशी. ती मी वाचली नाही.

विसरलो नाही, मित्रांनो. गाळली. डोळ्यासमोर झुंबरांखालचा तो हॉल आला, गोरे लोक आले आणि त्यांच्यामध्ये धोतर सावरत चालणारे आप्पा आले. माझेच कान गरम झाले. मी पहिलीपासून इलॅस्टिकचा टाय घालून वाढलेला. मराठी बोललं की दंड भरलेला. फॉर्मल म्हणजे इंग्लिश, हे समीकरण कुणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं, पण पाठ झालं होतं.

मग कराडला टेलरकडे सूट शिवला. मी आप्पांना आठवडाभर टायची गाठ शिकवली. ज्यांनी मला मुळाक्षरं गिरवायला शिकवली त्यांना मी 'असं नाही हो आप्पा, उजवीकडून!' म्हणून डाफरत होतो.

पहिल्या फॉर्मल नाइटला काय झालं ते नंतर आजीने सांगितलं. आप्पांनी केबिनमध्ये अर्धा तास आरशासमोर गाठ मारली, सोडली, परत मारली. कॉलर गळ्याला काचत होती. शेवटी कोट हँगरला लावला आणि म्हणाले, तुम्ही जा, मला भूक नाही. खरं तर भूक होती. ते वरच्या मजल्यावरच्या बुफेत गेले, तिथे साधे कपडे चालतात. एकटे बसून वरण नसलेला भात जेवले. खाली आजीच्या पैठणीभोवती बायकांचा घोळका जमला होता. पदरावरचा मोर बघायला दोन टेबलं सोडून लोक आले म्हणे! दुसऱ्या फॉर्मल नाइटला आप्पांनी खाली जायचा विषयच काढला नाही.

घरी आल्यावर आजीने सहज विचारलं, "माझ्या साडीला कुणी नाही म्हणालं नाही, मग ह्यांच्या धोतरालाच का रे बंदी?"

बंदी नव्हतीच. बंदी माझ्या डोक्यात होती.

त्यानंतर मी या विषयाच्या जरा मागे लागलो. क्युनार्ड ही कंपनी पोशाखाच्या बाबतीत कडक. तीसुद्धा आपल्या खास संध्याकाळी सुटाबरोबर राष्ट्रीय पोशाख चालतो म्हणते. उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली 'फ्रीस्टाइल' म्हणून सक्तीच काढून टाकली. आणि ज्या डिनर जॅकेटला आपण एवढे बिचकतो, त्याची कुंडली काय? लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या सांगण्यानुसार १८६५ साली युवराज एडवर्डसाठी त्यांनी एक आखूड कोट शिवला. कशासाठी? तर घरगुती जेवणाच्या वेळी शेपटीवाल्या लांब कोटातून सुटका व्हावी म्हणून! म्हणजे साहेबाचा तेव्हाचा घरातला आरामाचा कपडा हा आज आपला छाती दडपणारा फॉर्मल. पुढे ऐका. त्या जॅकेटखाली पोटावर जो रुंद पट्टा बांधतात, त्याला इंग्लिशमध्ये 'कमरबंड' म्हणतात. अहो, हा तर आपलाच कमरबंद! इथल्या उकाड्यात वेस्टकोट नकोसा झालेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो उचलला आणि विलायतेला नेला. त्यांना आपल्याकडचं घेताना लाज वाटली नाही. आपल्याला आपलंच वापरताना वाटते!

आता तुम्ही म्हणाल, मग नियमच कशाला, बर्म्युडा घालून जाऊ की! नाही. मला फॉर्मल नाइट ही कल्पना आवडते. आज जेवण विशेष आहे, बरोबरची माणसं विशेष आहेत, म्हणून जरा नीट आवरून जायचं, यात वाईट काय? आप्पा बटणांना तेल लावायचे ते याचसाठी. त्यांना फॉर्मल म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून क्रूझवर जाणाऱ्या कुणालाही माझा सल्ला एवढाच: पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि आपल्या कपाटातलं सगळ्यात चांगलं घाला. सूट अंगवळणी असेल तर सूट. नसेल तर बंद गळ्याचा कोट, शेरवानी, धोतर. फक्त इस्त्री कडक हवी, आणि पायात घट्ट बसणारं काहीतरी, कारण जहाज डुलतं.

हे लांबच्या समुद्रातलं वाटत असेल तर आपल्या नोटीस बोर्डाकडे या. फेअरवेलच्या पोस्टरवर काय असतं? 'मुलांना फॉर्मल्स कंपल्सरी'. मुली साडी नेसून येतात, ती फॉर्मल. मुलगा धोतर नेसून आला तर? तो 'ट्रॅडिशनल डे'चा आयटम! वर्षातून एक दिवस फेटा, फोटो आणि परत पेटीत. आपल्याच बापजाद्यांचा पोशाख आपण फॅन्सी ड्रेस करून टाकलाय. २०१४ साली चेन्नईत हायकोर्टाच्या न्यायाधीशांना वेष्टी नेसली म्हणून एका क्लबने आत सोडलं नाही, तेव्हा तमिळनाडूने त्याच वर्षी असल्या बंदीविरुद्ध कायदा केला. आपल्याला कायदा नको. पोस्टरवर एक ओळ पुरे: 'किंवा आपला पारंपरिक पोशाख'. कल्चरल सेक्रेटरी, वाचताय ना?

आप्पांचा तो सूट आता माझ्याकडे आहे. आमची उंची सारखी. "तुला मुलाखतीला होईल," म्हणून त्यांनीच दिला. आमच्या विंगमध्ये मुलं अठ्ठावीस आणि ब्लेझर तीन, त्यातला हा एक. प्लेसमेंटच्या सीझनला तो एका दिवसात चार अंगांवर फिरतो, आणि तीन ऑफर लेटर त्याच्या नावावर आहेत. मीही तोच घालणार आहे, आणि त्याची लाज नाही.

गेल्या दिवाळीत मात्र धीर करून मी आप्पांना ती गाळलेली ओळ वाचून दाखवली. मराठीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तेव्हाच सांगायचंस रे," एवढंच म्हणाले.

पोस्टरवर ती ओळ आली, तर यंदा फेअरवेलला मी धोतर आणि काळ्या कोटात येणार आहे. नेसायला आप्पाच शिकवतायत. निऱ्या अजून जमत नाहीत, आणि ते माझ्यावर डाफरत नाहीत.