बदली मास्तरांचीच का?

येरवड्याहून होळकर पूल ओलांडला की खडकी लागते. तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्या दोरीने बांधून हॉकी शिकलेला एक मुलगा पुढे चार ऑलिंपिक खेळला, हे सांगताना आम्हा नदीकाठच्या माणसांची मान अजूनही जरा ताठ होते. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. आणि लगेच पुढच्या संघातून धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले. महासंघ म्हणाला, विश्रांती दिली. लोक म्हणाले, मानधन मागितले म्हणून शिक्षा केली. प्रशिक्षकपदही महाराज कृष्ण कौशिक यांच्याकडे राहिले नाही. सोने आणणारा कर्णधार गेला आणि त्याला घडवणारा मास्तरही गेला.

हे आठवण्याचे कारण असे, की प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली की आपल्याकडे पहिला संशय बड्या खेळाडूवर घेतला जातो. तो निराधार असतो असे मुळीच नाही. जून २०१७ मध्ये अनिल कुंबळे यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आपल्या कार्यपद्धतीबद्दल आणि पदावर राहण्याबद्दल कर्णधाराचे आक्षेप आहेत, असे क्रिकेट मंडळाने आपल्याला कळवले, हे त्यांनी जाहीरपणे लिहिले. कुंबळे यांची निवड वर्षभरापूर्वी कोणी केली होती? तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण यांच्या समितीने. तीन दिग्गजांचा कौल एका कर्णधाराच्या नाराजीपुढे टिकला नाही. त्याच महिन्यात मंडळाच्या प्रशासक समितीतून बाहेर पडलेले इतिहासकार रामचंद्र गुहा यांनीही आपल्या पत्रात या ‘सुपरस्टार’ संस्कृतीवरच बोट ठेवले होते.

महिला क्रिकेटचे उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर भारतीय मुलींनी विश्वचषकाची अंतिम लढत खेळली, अवघ्या ९ धावांनी हरल्या. तेव्हाचे प्रशिक्षक बडोद्याचे तुषार आरोठे. वर्षभरात त्यांना जावे लागले. कारण वैयक्तिक असल्याचे सांगण्यात आले, पण ज्येष्ठ खेळाडूंच्या तक्रारींची चर्चा वृत्तपत्रांतून आधीच झाली होती. मग आले मुंबईचे रमेश पोवार. नोव्हेंबर २०१८ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राजला वगळले, सामना हरला आणि मितालीने मंडळाला पत्र लिहिले. पोवार यांची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. उलट हरमनप्रीत कौर आणि सांगलीची स्मृती मानधना यांनी ‘पोवारच हवेत’ अशी पत्रे धाडली. प्रशिक्षकाची लायकी मैदानावर ठरायची की टपालात, असा प्रश्न पडावा अशीच ही परिस्थिती होती. गंमत म्हणजे २०२१ मध्ये पोवार त्याच पदावर परत आले. तेव्हा लायक, मग नालायक, पुन्हा लायक! माणूस तोच होता. बदलले होते ते वारे.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली. तिथे हा खेळ वेगळ्या गणवेशात चालायचा. एका शाखेतले व्यवस्थापक फार काटेकोर. एका बड्या कर्जदाराचा मालसाठा त्यांनी प्रत्यक्ष मोजायला घेतला. महिनाभरात त्यांच्या बदलीचा हुकूम आला, ‘प्रशासकीय सोयीसाठी’. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे वरच्यांचे गणित. पण त्या हुकुमाचा खरा परिणाम पुढे दिसला. नव्या साहेबांनी त्या गोदामाकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि आम्ही कनिष्ठांनी काय शिकायचे ते शिकून घेतले. संघातही असेच होते. एक प्रशिक्षक खेळाडूच्या शब्दावर गेला, की त्याच्या जागी येणारा त्या खेळाडूला सराव चुकवला म्हणून विचारणार नाही, धावा होईनात तरी बसवणार नाही. आणि राखीव बाकावरचा विशीतला पोरगा हे सारे बघत असतो.

तरीही सगळा दोष खेळाडूच्या माथी मारणे मला पटत नाही. कधी खेळाडूचेच बरोबर असते. अमेरिकेत १९८१ मध्ये मॅजिक जॉन्सनने प्रशिक्षक वेस्टहेड यांच्यावर नाराज होऊन संघ सोडण्याची भाषा केली आणि दुसऱ्याच दिवशी वेस्टहेड यांना काढले. लोकांनी जॉन्सनची हुर्यो उडवली. पण त्याच हंगामात तो संघ विजेता ठरला.

आणि आपली हॉकी? तिथे खेळाडूंच्या हाती अशी सत्ता कधी नव्हतीच. जानेवारी २०१० मध्ये विश्वचषक तोंडावर असताना पुण्याच्या शिबिरात खेळाडूंना हक्काच्या पैशासाठी सरावावर बहिष्कार घालावा लागला, एवढी त्यांची पत. तरी प्रशिक्षक टिकले का? २००२ च्या विश्वचषकात सेड्रिक डिसूझांना स्पर्धा चालू असताना काढले. २००४ मध्ये राजिंदर सिंग अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर गेले, जर्मनीचे राख आले, आणि आपण सातवे. पुढे व्हॅन आस २०१५ मध्ये काही महिन्यांत, ओल्टमन्स २०१७ मध्ये, हरेंद्र सिंग २०१९ च्या आरंभी. यातला प्रत्येक हुकूम महासंघाचा होता. म्हणजे रोग खेळाडूच्या बळात नाही, संस्थेच्या दुबळेपणात आहे. संस्थेला स्वतःचा कणा नसला की तिथे कधी पदाधिकाऱ्याची लहर चालते, कधी नायकाची.

उपाय फार अवघड नाही. खेळाडूंनी तक्रार जरूर करावी, पण लेखी आणि ठरलेल्या जागी. प्रशिक्षकाला उत्तर देण्याची संधी मिळावी. मूल्यमापन मुदतीच्या शेवटी व्हावे, पराभवाच्या दुसऱ्या सकाळी नव्हे. आणि काढायचेच असेल तर कारण सांगून काढावे. शाखेतल्या शिपायाला जे संरक्षण मिळते, तेवढे देशाच्या प्रशिक्षकाला मिळू नये?

धीर धरला तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. ग्रॅहम रीड यांना २०१९ पासून सलग काम करू दिले आणि टोकियोत ४१ वर्षांनी हॉकीचे ऑलिंपिक पदक आले. महिला क्रिकेटमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचे अमोल मुजुमदार आले. भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेला हा माणूस. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ साखळीतच गारद झाला, २०२५ च्या विश्वचषकात लागोपाठ तीन सामने हरला. जुन्या रीतीने त्यांचे सामान केव्हाच बांधले गेले असते. तसे झाले नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतने विश्वचषक उचलला, तेव्हा मुजुमदार जागेवर होते.