कुंडीतली गर्दी

आमच्या होस्टेलच्या जिन्याखाली अकरा कुंड्या आहेत. मागच्या आठवड्यात नोटीस लागली, की मेलेल्या कुंड्या दिवाळीच्या सुट्टीत काढून टाकणार. मित्रांनो, त्या मेलेल्या नाहीत. त्यांना जागा नाहीये, बस्स! (संपादकांनी कॅम्पस इंटरव्ह्यूवर लिही म्हटलं होतं. सॉरी.)

एका कुंडीत मी मोजली, कोरफडीची सतरा पिल्लं. एका आईच्या मुळापासून फुटलेली. माती जवळजवळ संपलीय, नुसता मुळांचा गुंता. वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं. पानं बारीक, शेंडे तपकिरी. हे बघून आपण काय करतो? अजून एक मग पाणी. म्हणजे थ्री सीटर रूममध्ये सात जण कोंबायचे आणि वर मेसचं ताट वाढवायचं!

पण सोडवण्याआधी ओळख हवी. आमच्या विंगमधल्या एकाने पिंपल्सवर 'कोरफड' म्हणून पान चोळलं आणि रात्रभर खाजवत बसला. ते घायपाताचं पिल्लू होतं. लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे त्याला हसू नका. घायपाताच्या टोकाला सुईसारखा टणक काटा असतो, पान तोडलं तर आत दोरे निघतात. कोरफडीचे काटे फक्त कडेला, तेही मऊसर, आणि आत गर. कापल्यावर आधी जो पिवळा चीक येतो तो मात्र निथळू द्यायचा. पोटात गेला तर जुलाब. घायपात तर कुंडीतलं झाडच नव्हे, ते बांधावर शोभतं.

कॉरिडॉरमधली उभी, पिवळ्या काठाची पानं म्हणजे स्नेक प्लँट. शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याला सॅन्सेव्हेरियातून ड्रसीनात टाकलं, म्हणजे ब्रँच चेंज त्यालाही मिळाली! त्याचं पान खोचूनही रोप येतं, पण पिवळा काठ जातो. काठ हवा असेल तर मातीखालचा जाड कंदच कापून वेगळा करायचा.

घरी आजी कोरफड सोडवायची ती अशी: चार दिवस पाणी बंद, कुंडी आडवी करून थोपटायची, गड्डा बाहेर आला की हाताने मुळं मोकळी करायची. स्वतःची मुळं असलेलं पिल्लूच वेगळं काढायचं. मग दोन दिवस सावलीत नुसतं ठेवायचं, जखम सुकेपर्यंत. माझा तर इथेच धीर सुटायचा. मी एकदा लगेच लावून भरपूर पाणी घातलं. आठवड्यात सगळं कुजलं, आजी काहीच बोलली नाही. माती आणि जाड वाळू निम्मी-निम्मी, तळाला भोक हवंच, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. म्हणजे आपण सुट्टीवर गेलो तरी चालतंय.

रेक्टर सरांना विनंती, नोटीस एक रविवार पुढे ढकला. मेसवाल्या मामांनी तेलाचे रिकामे डबे द्यायचं कबूल केलंय, वर्कशॉपमधून ड्रिल मिळेल, वाळू नव्या बिल्डिंगच्या ढिगातून (विचारून) आणू. सकाळी नऊला जिन्याखाली या. हातमोजे नसतील तर जुने सॉक्स चालतील, धुतलेले. सतरा पिल्लांपैकी सहा रूम्सनी आत्ताच बुक केलीत.